खाकी लोकरीची शेवटची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी लोकर आहे. रंग खाकी, तोही आता उडून मातकट झालेला. मी स्वेटर नाही, शाल नाही, कानटोपी नाही. मी नुसता धागा. धाग्याला स्वतःचं रूप नसतं. विणणारी देईल ते घ्यायचं आणि गप बसायचं. पण माझ्या जातीची एक खोड आधीच सांगून ठेवते. लोकर एकदा वळली की ते वळण सोडत नाही. उसवा, धुवा, ओझं बांधून उन्हात टांगा, जरा सैल सोडली की पुन्हा कुरळी ती कुरळीच. ज्या बोटांनी मला पहिल्यांदा क्रोशाच्या सुईवर घेतलं, त्या बोटांची सवय अजून माझ्यात आहे. बोटं राहिली नाहीत, सवय राहिली. भिऊ नका. निदान आत्ताच भिऊ नका.

राळेगावच्या पुढे, एसटीच्या फाट्यावर उतरून पायी जावं लागतं असं एक गाव आहे. तिथे वामनरावांचं घर. घरामागे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं वावर, त्यापलीकडे तूर. घराच्या दाराआड भिंतीत एक खुंटी आहे, पण फार खाली ठोकलेली. मोठ्या माणसाला तिथे काही अडकवायचं तर कमरेतून वाकावं लागतं. त्या खुंटीवर मी असते. खुंटी एवढी खाली का, हे सांगायचं म्हणूनच आज तोंड उघडलं आहे.

मेंढीच्या पाठीवरचे दिवस मला आठवत नाहीत, आणि आठवतात म्हणून खोटं सांगणार नाही. मला शुद्ध आली तेव्हा मी फौजेतल्या एका माणसाचा स्वेटर होते. तो वामनरावांचा मामा. मामा उमरखेडकडचा. बर्फात राहून, बंदुकीचे पट्टे सोसून माझी कोपरं फाटली, तेव्हा सुट्टीवर आलेल्या मामाने मला भाचीच्या अंगावर टाकलं आणि म्हणाला, "घे लाली, उसव अन् काय करायचं ते कर."

लाली म्हणजे वामनची मोठी बहीण. तेव्हा वामनरावांना कोणी राव म्हणत नव्हतं. शेंबूड पुसायचीही अक्कल नसलेला तो नुसता वामन होता. लाली शाळेत जायची आणि शाळेतल्या बाईंनी तिला क्रोशा शिकवला होता. सुई कुठली घेणार? मोडक्या छत्रीची काडी घासून तिने स्वतःच टोकाला आकडा केला. पोरगी डावरी होती. डाव्या हाताने घास घेतला की आई हातावर चापट मारायची, पण सुई तिने डाव्याच हातात धरली आणि तिथे आईनेही कधी बोट लावलं नाही.

मी जागोजागी तुटलेली, तुकड्या-तुकड्यांची. ते तुकडे लाली जोडायची. मित्रांनो, गाठ तुम्हीही मारता. तुमची गाठ उजवीकडून बसते. लालीची डावीकडून बसायची, आणि दोन्ही टोकं ती आत वळवून अशी दडवायची की नखाने उकलायची म्हटलं तर नख तुटेल, गाठ नाही. तशी गाठ मी पुन्हा कोणाच्या हातची पाहिली नाही. एकदा पाहिली. ते पुढे येईल.

"वामन, सरळ उभा राह्य नं. गळा मापू दे."

"माह्यासाठी विणून राह्यली का?"

"नाही, गावच्या पाटलासाठी. उभा राह्य म्हनलं नं!"

"कधी होईन वो?"

"संक्रांतीले घालशीन. पन शेवटची गाठ तू मारायची. मायनं सांगतलं हाये."

ही त्या घरची रीत होती. विणणारीने शेवटचा टाका मोकळा ठेवायचा. ज्याच्या अंगात ते जायचं, त्याने त्या टाक्यातून धागा ओढून गाठ मारायची. गाठ ज्याची, वस्त्र त्याचं. तोवर ते कोणाचंच नाही.

मी तिच्या हातात फार सुखात होते, हे मला मोकळेपणाने म्हणू द्या. मी टोचरी आहे. मामाच्या मानेवर चट्टे उठायचे. लाली मात्र मला गालाला लावून बसायची. गळ्यापासून खाली विणत आली, खांदे झाले, आणि एका धुक्याच्या सकाळी सुई टाक्यात तशीच खोचून, मला बाजेवर ठेवून ती वावरातल्या विहिरीवर पाणी आणायला गेली. विहिरीला कठडा नव्हता. पायऱ्यांवर शेवाळ होतं. बादली सापडली, मग तीही सापडली, पण मला उचलायला ती आली नाही. मी बाजेवर वाट पाहत होते. अजून ती वाट पाहणं माझ्या अंगातून गेलेलं नाही.

वामन लहान होता. त्याला सांगणार काय? घरच्यांनी सांगितलं, लाली मामाच्या गावाले गेली, एसटीनं येईन. पोरगं रोज फाट्यावर जाऊन बसायचं. एसटी यायची, धुरळा उडायचा, लोक उतरायचे. मग मोठं होता होता त्याला आपोआप कळलं, जसं सगळ्यांना कळतं. त्याने कोणाला विचारलं नाही, कोणी त्याला सांगितलं नाही.

माझा प्रश्न मात्र सुटेना. मेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. लालीचे झगे गेले, ओढणी गेली. पण मला काय म्हणायचं? मेलेल्याची वस्तू म्हणावं तर मी जिवंत पोरासाठी होते. जिवंताची म्हणावं तर माझ्यावर हात मेलेल्याचा. टाकवेना आणि पुरंही करवेना. शेवटी आईने मला सुईसकट फडक्यात बांधून लाकडी पेटीत तळाला ठेवलं.

पेटीत किती वर्षं गेली ते मोजायला मी शिकले नाही. दर दिवाळीआधी पेटी उघडायची, कपड्यांना ऊन द्यायचं. डांबराच्या गोळ्या होत्या, पेटी खडखडीत कोरडी होती. आणि तरी दरवर्षी आई फडकं सोडायची तेव्हा माझं एक टोक ओलं असायचं. शेवाळाचा वास यायचा. ती बिचारी मला वाळवायची, परत बांधायची आणि कोणाशी एक शब्द बोलायची नाही. पुढे घरात सून आली, वामनची बायको विजयमाला. सासूने जाता जाता तिला लालीची हकीकत सांगितली, शेवटच्या गाठीची रीत सांगितली आणि बजावलं, त्या गाठोड्याले हात नोको लावजो. विजयमालेने तो शब्द पाळला. मला ऊन मिळणं बंद झालं. दुर्लक्ष म्हणजे काय ते मला विचारा.

आता हल्लीचं सांगते. वामनराव सत्तरीपार गेले आणि त्यांचं डोकं मागे मागे चालायला लागलं. आधी चष्मा विसरले, मग जेवलो की नाही ते विसरले, मग मुलगा रजत कोण ते विसरले. बोटं थरथरायची, शर्टाचं बटणसुद्धा विजयमाला लावायची. जे जे मोठेपणी कळलं होतं ते ते पुसून गेलं, आणि उरलं काय? लहानपणी सांगितलेली ती एक थाप. रोज सकाळी उठायचे आणि चपला शोधायचे.

"कुठी चालले, मामाजी?" सून निकिता विचारायची. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाईच म्हणतात.

"फाट्यावर. लाली येऊन राह्यली नं आज."

थंडीचे दिवस. डिसेंबरात आमच्याकडे असं धुकं पडतं की आपल्याच बैलाचं शिंग दिसत नाही. शाल पांघरली तर म्हातारा वाटेत टाकून देई. बाह्यांचा स्वेटर घालायला गेलं तर हात झाडून भांडे. फाट्यावर भीमसिंगचं चहाचं दुकान आहे. तो गरम चहा पाजून, हाताला धरून त्यांना घरी आणून सोडायचा. एक दिवस तो निकिताला म्हणाला, "वहिनी, आज बाबाजीचे ओठ निळे पडले होते. मी पाह्यलं म्हनून बरं. एखाद्या रोजी मले नाही दिसले तं?"

 म्हातारा निकिताला भारी जीव लावायचा. सून म्हणून घरात आली तेव्हा पहिल्या दिवशी "हे घर तुहं होय" म्हणणारा तोच एकटा होता. ती क्रोशा मोबाईलवर पाहून शिकली होती. तिने ठरवलं, शर्टावरून आणि शालीच्या आतून घालायचं बिनबाह्यांचं जाकीट करायचं. डोक्यातून घातलं की अंगाला बसेल, झाडून टाकता येणार नाही. राळेगावच्या बाजारातून तिने तांबडी लोकर आणली. पण ती पुरेल असं दिसेना.

विजयमाला तेव्हा बहिणीच्या मुलीच्या लग्नाला उमरखेडला गेली होती. निकिताने गोधड्या काढायला पेटी उघडली आणि तळाशी मी सापडले. फडकं सोडलं. उंदराने कुरतडलेली नाही, कसर लागलेली नाही. तिला कोण आनंद झाला!

"आयका नं, हे कोनाचं होय हो?" तिने रजतला विचारलं.

"असंन कोनाचं तरी. अर्धवटच तं हाये. घे." रजत पाण्याची मोटार चालू करायला वावरात निघाला होता. त्याने वळूनही पाहिलं नाही.

झालं! छत्रीच्या काडीची सुई बाजूला ठेवली गेली आणि मी सरसर उसवायला लागले. मध्येच एक गाठ आली. निकिताने नखाने उकलून पाहिली, दातांनी पाहिली. "कोनत्या बाईनं मारली बाप्पा ही," म्हणत तिने कात्री उचलली. माझा जीव गोळा झाला. पण गाठ इतकी बारीक होती की दिसणारही नाही असं तिला वाटलं, आणि तिने ती तशीच राहू दिली. एका गाठीमागून दुसरी आली, मग तिसरी. साऱ्या तशाच राहिल्या. पोरीचे उपकार आहेत माझ्यावर.

गळ्याजवळ मळ लवकर दिसतो म्हणून गळा आणि खांदे तिने माझ्यात विणले. त्याखाली तांबडी. ही तांबडी म्हणजे एक नंबरची भवानी. मऊ, चकचकीत, मेंढीचं तोंड न पाहिलेली. "तू किती टोचतेस गं," असं मला पहिल्याच दिवशी म्हणाली. माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं, मला दुसरंच काही जाणवत होतं.

निकिता उजव्या हाताने विणायची. तिचा प्रत्येक खांब, म्हणजे उभा टाका, उजवीकडे जरासा कलायचा. दुपारी ती विणकाम खाटेवर ठेवून स्वयंपाकघरात जायची. परत येऊन पाहते तो माझी शेवटची ओळ डावीकडे कललेली. "माह्यंच ध्यान नाही," म्हणून तिने उसवली आणि पुन्हा विणली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा तेच. घरात कोणी नाही, दार लावलेलं, अंगणात कोंबड्या, आणि ओळ डावीकडे. ओळीच्या टोकाशी ओलसर.  या वेळी निकिताने ती ओळ तशीच ठेवली आणि पुढे विणलं. त्यानंतर ती मला एकटीला सोडून उठली की पदर डोक्यावर घ्यायची. का घेते ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

जाकीट होत आलं आणि विजयमाला परतली. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच तिची नजर माझ्या खाकी गळ्यावर गेली. 

"निकिता! पेटीतलं काढलं का हे?"

"हाव, आत्याबाई. पडलंच होतं तं म्हटलं..."

"अवो माय, काय केलं तू हे!" विजयमालेला रडू फुटलं. मग तिने सगळं सांगितलं. लाली, मामा, विहीर, फाटा.  डावीकडे कललेल्या ओळीवर निकिताने बोट ठेवलं आणि म्हणाली, "आत्याबाई, त्या डावऱ्या होत्या का?"

विजयमालेने होकाराची मान हलवली.  मग डोळे पुसून म्हणाली, "उसवलं ते उसवलं. त्याईच्यासाठीच होतं, त्याईच्याच अंगात जाऊ दे. पन शेवटची गाठ तू नोको मारू. त्याईले मारू दे."

म्हाताऱ्याला बाजेवर बसवलं आणि जाकीट गळ्यात घातलं. मित्रांनो, त्या क्षणाची मी किती संक्रांतींपासून वाट पाहत होते! त्याची मान आता सुरकुतलेली होती, पण मान तीच होती. मला रडता येत असतं तर मी रडले असते. वामनराव खाली पाहून माझ्यावरून हात फिरवू लागले आणि लहान पोरासारखे हसले.

"मामाजी, हा धागा ओढा नं. गाठ मारा."

त्यांनी हात मागे घेतला. "मी नाही. लालीनं सुरू केलं, लालीच पुरं करन. येऊ दे तिले."

किती समजावलं, ऐकतील तर शपथ. शेवटी निकिताने तो मोकळा टाका एका सेफ्टी पिनेत अडकवला आणि धाग्याचं लांब टोक आत खोचून दिलं.

त्या दिवसापासून त्यांना थंडी वाजेना. बाहेर गारठ्याने कुत्री कुईकुई करायची आणि म्हाताऱ्याचे हात कोमट. विजयमालेने विचारलं तर म्हणाले, "लालीचे हात हायेत नं खांद्यावर." निकिता दुपारी जाकीट काढून उन्हात टाकायची, तेव्हा माझे दोन्ही खांदे ओले असायचे. सगळे नाही. दोन ठिकाणी, लहान पंजाएवढे. हुंगून पाहिलं तर शेवाळ. निकिता सासूला दाखवायची आणि सासू म्हणायची, "वाळू दे. कोनाले सांगू नोको." दोघींनी दाराला वरून कडी बसवून घेतली. भीती कशाची होती ते मला ठाऊक होतं. दोघींना वाटत होतं, ती त्याला न्यायला आली आहे.

खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं.

मग ती सकाळ आली. उजाडलं होतं, पण दिसत काही नव्हतं. रजत वावरात जाताना दाराची वरची कडी लावायला विसरला. विजयमाला न्हाणीत होती, निकिता चहा मांडत होती. वामनराव उठले आणि चपलांविना निघाले. अंगणाच्या तोंडाशी काटेरी तारेचं फाटक आहे. त्यातून वाकून जाताना माझ्याखालच्या तांबडीची पिन तारेत अडकली, उघडली, आणि धाग्याचं टोक तारेला गुंतून बसलं. म्हातारा चालत राहिला आणि तांबडी खालून एकेक ओळ सुटायला लागली.

"अगं, मी जातेय!" तांबडी ओरडली. "अगं खाकी, धर मला!"

कशाने धरू? मला कुठे हात आहेत? ती एरवी दिवसभर बडबडायची. तिचा आवाज पऱ्हाटीच्या ओळींतून मागे मागे राहत गेला आणि बारीक होत गेला. पोटावरची ऊब गेली, मग छातीवरची गेली. वामनराव फाट्याच्या रस्त्याला लागले होते. तेवढ्यात धुक्यात डावीकडून आवाज आला. दगडावर बादली आपटल्याचा.

त्या विहिरीवर लाली गेल्यापासून कोणी बादली सोडली नव्हती. पाणी मोटारीने येतं.

वामनराव थांबले. मान वळवून त्यांनी कान दिला. पुन्हा बादली आपटली. म्हातारा रस्ता सोडून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, चढला आणि थेट तिकडे निघाला. "लाली, थांब वो, मी येतो," असं म्हणत होता. पायाला काटे लागत होते, त्याची शुद्ध नव्हती. तांबडी संपली. निकिताने मारलेली जोडाची गाठ टाक्यातून खळकन बाहेर आली आणि माझी स्वतःची शेवटची ओळ सुटू लागली. एक ओळ गेली. दुसरी गेली. समोर धुक्यात काळं काहीतरी उघडं होतं आणि त्यातून गार वाफ येत होती. त्याचा पाय शेवाळावर पडला.

तेव्हा माझ्या सुटत्या टाक्याला कोणीतरी चिमटीत धरलं.

बोटं लहान होती. इतकी गार की माझे तंतू आखडले. डाव्या बाजूने आली, धागा टाक्यातून आत घेतला, डावीकडून फिरवला, ओढला, दोन्ही पदर आत दडवले. मी ती बोटं ओळखली. मित्रांनो, आपल्याला पहिल्यांदा ज्यांनी उचललं त्यांना कोणी विसरतं का? धागा ताठ झाला. वामनरावांच्या गळ्याशी एक हिसका बसला. एका धाग्याने कधी माणूस थांबतो का? पण तो थांबला. मोठ्या बहिणीने मागून कॉलर धरल्यावर धाकटा भाऊ जसा थांबतो तसा थांबला, आणि होता तिथेच खाली बसला.

इकडे निकिता चहा घेऊन आली तो बाज रिकामी. ती धावत फाटकाशी आली आणि तिला तारेला अडकलेला तांबडा धागा दिसला. तिने आरडाओरडा केला नाही. धागा सोडवला, हाताला गुंडाळत निघाली. धुक्यात तिला आपले पायसुद्धा दिसत नव्हते, फक्त तो धागा. आधी रस्त्याने गेला तेव्हा तिला बरं वाटलं. मग तो धुऱ्यावर चढला आणि विहिरीकडे वळला. "मामाजी! मामाजी!" हाक मारत, पऱ्हाटीत अडकलेला धागा सोडवत, गुंडी करत ती आली. धागा ताठ होता. ताठ धाग्याच्या टोकाला काहीतरी आहे एवढीच तिला आशा होती.

वामनराव विहिरीच्या अगदी काठावर बसले होते. एक पाय पायरीवर. अंगावर पातळ शर्ट आणि गळ्याभोवती मी, खांद्यांपुरती उरलेली. निकिताने त्यांना काखेत धरून मागे ओढलं आणि मिठी मारून हमसून हमसून रडली.

"रडतं काहून?" म्हातारा म्हणाला. "लाली आलती नं. म्हने, बस, पुढं नोको येऊ. म्हने, वामन, आता फाट्यावर नोको जात जाऊ. मी पोचली."

घरी आणलं, शेकोटी केली. राळेगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि अंग एवढं कोमट कसं म्हणून दोनदा विचारलं. ते गेल्यावर निकिता तांबड्या धाग्याची गुंडी घेऊन माझ्याखाली परत विणायला बसली आणि तिला गाठ दिसली. बारीक, डावीकडून बसलेली, टोकं आत दडवलेली. तिने माझ्यातली दुसरी गाठ शोधली, पेटीत जाण्याआधीची. दोन्ही शेजारी धरल्या.

"मामाजी, तुमी मारली का ही?"

वामनरावांनी आपले हात पुढे केले. बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होती. विजयमालेने तांबडी गुंडी सुनेच्या हातातून काढून घेतली आणि गाठीच्या पलीकडे धागा कापला.

"गाठ ज्याची, वस्त्र त्याचं," ती म्हणाली. "आता हे त्याईचं नाही. तू त्याईले दुसरं कर."

निकिताने मग बाजारातून आणखी लोकर आणून नुसत्या तांबडीचं दुसरं जाकीट केलं. भवानी आता गळ्यापासून खालपर्यंत मिरवते. त्याची शेवटची गाठ वामनरावांनी स्वतः मारली. थरथरत्या बोटांनी फार वेळ लागला, पण दोघींपैकी कोणी मदत केली नाही. त्यांनी गाठ ओढली, वर पाहिलं आणि म्हणाले, "झालं." फाट्यावर ते पुन्हा गेले नाहीत. सकाळी उठतात, अंगणात उन्हात बसतात, भीमसिंग येता-जाता हात करतो. डोकं काही परत आलेलं नाही. पण वाट पाहणं संपलं. मित्रांनो, म्हातारपणी एवढं सुख कमी नाही.

आणि मी? सुटून उरले ती एवढीशी, लहान पोरीच्या खांद्यावर बसेल एवढी. विजयमालेने मला पेटीत ठेवलं नाही. तिने रजतला सांगून दाराआड खुंटी ठोकून घेतली. रजत हसला, "आई, एवढी खाली? कोनाचा हात येईन तिथं?"  हातोडा मारून होईपर्यंत विजयमाला तिथेच उभी राहिली.

तुम्हाला शेवटी एवढंच सांगते. कोणाचं अर्धवट विणकाम सापडलं तर उसवायच्या आधी घरच्या जाणत्याला विचारा, ते कोणासाठी होतं. मध्ये गाठ लागली तर कात्री लावू नका. आणि लोकरीला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. ऊब देणाऱ्या वस्तूलाही आत गारठा साचतो.

दाट धुक्याच्या सकाळी निकिता दार उघडते तेव्हा खुंटी रिकामी असते.  सासू-सुना दार थोडं उघडं ठेवतात आणि चहा मांडतात. ऊन वर आलं की मी खुंटीवर असते, खांद्यांशी ओली. विजयमाला मला उतरवते, पिळते, दोरीवर वाळत घालते आणि वावरातल्या विहिरीकडे तोंड करून हळूच म्हणते, "उद्या लवकर घेऊन जाजो माय. थंडी लई हाये."